डाळिंबाची वाटी: घरातलं साधन वाचायचं कसं?

संशोधनाला विषय शोधायला निघालं की पहिला धसका साधनांचा असतो. इतिहासाचं साधन म्हटलं की डोळ्यांसमोर पुराभिलेखागार येतं, मोडी कागद येतात, दप्तरं येतात. ते सगळं लागतंच. पण आज तुम्हाला एक वेगळं साधन वाचायला देतो. ते बारामतीच्या मंडईत किलोवर मिळतं, इंदापूरच्या बाजार समितीत क्रेटमधून येतं, आणि वाचून झालं की खाता येतं. डाळिंब!

म्हणणं थोडक्यात आधीच सांगून टाकतो. आज आपण जे डाळिंब दहा मिनिटांत सोलतो, वाटीत घेतो आणि चमच्यानं खातो, ते लालबुंद, गोड, मऊ बियांचं फळ आपल्या आजोबा-पणजोबांच्या लहानपणी या रूपात नव्हतंच. गेल्या ऐंशी-नव्वद वर्षांत कुणीतरी काही निवडी केल्या, त्यांची बेरीज या वाटीत आहे. प्रत्येक निवडीत काही मिळालं आणि काही बाजूला पडलं. काय बाजूला पडलं, हे विचारायची सवय लागली की तुमच्या संशोधनाची अर्धी तयारी झाली असं समजा.

तर एक डाळिंब आणा. सोलता सोलता वाचू.

आधी फळ निवडू

आंबा अढीत पिकतो, केळं घरात पिकतं. डाळिंबाचं तसं नाही. झाडावरून उतरवल्यावर ते पुढे पिकत नाही, त्यामुळे कच्चं आणलं तर कच्चंच राहतं. निवडताना तीन गोष्टी बघा. पक्व फळ चेंडूसारखं गोल राहत नाही. आत दाणे भरत गेले की बाजू किंचित चपट्या होतात आणि कडा हाताला लागतात. टिचकी मारली की टणक, धातूसारखा आवाज येतो. आणि हातात घेतल्यावर ते आकाराच्या मानानं जड लागतं.

आता साल बघा. चकचकीत, केशरी-लाल आणि बऱ्यापैकी जाड असेल तर तुमच्या हातात बहुधा 'भगवा' आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं २००३-०४ च्या सुमारास हा वाण प्रसारित केला. आज महाराष्ट्रातल्या बागांवर त्याचंच राज्य आहे. त्याची जाड साल लांबच्या प्रवासात टिकते, म्हणून आखाती देश आणि युरोपपर्यंत तो जातो. म्हणजे बघा, तुमच्या सुरीला आज जी जाड साल लागते, तिच्यामागे दूरच्या बाजारपेठेचाही हात आहे.

इथे संशोधनाचा पहिला धडा. याच भगव्याला शेतकरी आणि व्यापारी शेंदरी म्हणतात, केसर म्हणतात, अष्टगंधा म्हणतात, मस्तानीही म्हणतात. उद्या तुम्ही गावोगावी फिरून 'कोणते वाण लावलेत?' असं विचारत गेलात, तर वहीत पाच नावं येतील आणि तुम्ही लिहाल की या भागात पाच वाण आहेत. असेल एकच! नाव मोजणं वेगळं आणि वस्तू मोजणं वेगळं. सर्व्हेचा फॉर्म बनवण्याआधी हे पक्कं लक्षात ठेवा.

आता सोलू

डाळिंबाला देठाच्या विरुद्ध टोकाला फुलासारखी कळी असते. तिच्याभोवती सुरी उथळ गोल फिरवा आणि ते टोपण उचला. आत पांढरे पडदे चांदणीसारखे दिसतील. पडदा जिथे सालीला मिळतो, तिथून बाहेरच्या बाजूनं खालपर्यंत उभी चीर द्या. चीर सालीपुरतीच हवी, दाण्यांपर्यंत जाऊ देऊ नका. सगळ्या चिरा झाल्या की अंगठ्यांनी फळ उकला; फाका आपोआप वेगळ्या होतात. मग पाण्यानं भरलेल्या पातेल्यात दाणे मोकळे करा. दाणे तळाशी बसतात, पडदे वर तरंगतात. पडदे काढा, पाणी ओता, झालं.

खालच्या बाजूला तुमच्या चिरा पडद्यांशी जुळल्या नाहीत, तर तुमचं काही चुकलेलं नाही. डाळिंबात कप्प्यांचे दोन मजले असतात. वरच्या मजल्यावर जास्त कप्पे, खालच्या मजल्यावर कमी. फुलातली रचनाच तशी असते. फळांमध्ये ही मांडणी इतकी वेगळी आहे की वनस्पतिशास्त्रात या फळाला स्वतंत्र नाव आहे, 'बालाउस्टा'.

सोलताना विळी वापरली तर पातं आणि बोटं काळी पडतात, हे घरातल्या मोठ्यांना विचारा. सालीत टॅनिन भरपूर असतं आणि लोखंडाशी गाठ पडली की त्याचं काळं संयुग होतं. रंगारी लोकांना हे चांगलं ठाऊक होतं. डाळिंबाच्या सालीत तुरटी घातली की कापडावर पिवळा रंग चढतो आणि लोखंड घातलं की करडा-काळा. आपण जी साल कचऱ्यात टाकतो, ती कुणाच्या तरी धंद्यातला कच्चा माल होती.

आणखी एक गोष्ट. आजारी माणसाला, लहान लेकराला, बाळंतिणीला डाळिंब सोलून देणं हे घरातलं काम. ते करणारा हात बहुतेक वेळा बाईचा. या कामाची नोंद कुठल्या दप्तरात सापडणार? बाजारात किती फळ आलं हे लिहिलं जातं, ते कुणी आणि किती वेळ बसून सोललं हे लिहिलं जात नाही. कागद गप्प आहेत म्हणून ती गोष्ट घडलीच नाही, असं समजू नका. अशा वेळी मौखिक इतिहास लागतो: आजीजवळ बसायचं, विचारायचं आणि लिहून घ्यायचं.

दाणा तोंडात टाकू

दाण्याचा रसाळ भाग म्हणजे खरं तर बीचंच बाहेरचं आवरण. आत जे कडक लागतं ते बीचं लाकडासारखं कवच. तुमच्या वाटीतला दाणा तुम्ही चावून गिळलात ना? थुंकला नाहीत. हे 'न थुंकणं' नवीन आहे.

पुण्याच्या परिसरात पूर्वी 'आळंदी' नावाचं डाळिंब प्रसिद्ध होतं. दाणा रसाळ, रंग गडद गुलाबी ते रक्तासारखा लाल, पण बी टणक. पुण्यातल्या गणेशखिंडीच्या बागेत फलोद्यानतज्ज्ञ डॉ. जी. एस. चीमा यांनी १९३६ साली या आळंदीच्या रोपांमधून एक झाड निवडलं. बी मऊ, चव गोड, उत्पन्न चांगलं. द्राक्षवाल्यांना चीमांचं नाव 'चीमा साहेबी' या वाणामुळे माहीत असतं. तेच हे चीमा. डाळिंबाच्या या निवडीचं नाव होतं 'जीबीजी-१', म्हणजे गणेशखिंड बोटॅनिकल गार्डन, क्रमांक एक. अगदी सरकारी फाइलीत शोभावं असं नाव! १९७० साली त्याचं 'गणेश' झालं.

दुसरा धडा इथे आहे. समजा तुम्हाला एखाद्या लेखात वाक्य सापडलं की १९४५ साली अमुक गावात गणेश डाळिंबाची बाग होती. लगेच थांबा. १९४५ मध्ये गणेश हे नावच नव्हतं. बाग खरी असेलही, पण वाक्य नंतरच्या काळातलं आहे, कुणीतरी आठवणीतून लिहिलेलं. कागदावर तारीख नसेल तर असे शब्दच तारीख सांगतात. आणि नावावरून झटकन अर्थही काढू नका. गणपतीला वाहायच्या एकवीस पत्रींमध्ये डाळिंबाचं पान असतं, त्यामुळे 'म्हणूनच या वाणाचं नाव गणेश' असं कुणी सहज म्हणेल. ऐकायला छान वाटतं. पण धागा गणेशखिंडीकडे जातो, आणि तो जीबीजी या तीन अक्षरांमुळे सापडतो.

चवीचंही असंच. डाळिंब म्हणजे गोड, हे आपण गृहीत धरतो. चरकसंहितेत 'हृद्य' म्हणजे मनाला रुचणाऱ्या द्रव्यांचा एक गट दिलाय. त्यात डाळिंबाचे शेजारी कोण? आंबा, करवंद, बोर, महाळुंग. पंगत बघा, बरीचशी आंबट! आयुर्वेदात गोड आणि आंबट असे डाळिंबाचे वेगवेगळे प्रकार मानलेत, म्हणजे गोड फळ माहीत होतं. पण आंबट डाळिंबालाही मानाची जागा होती. उत्तरेत अनारदाणा म्हणून जो वाळवलेला दाणा मसाल्यात पडतो, तो आंबट डाळिंबाचाच. आपल्या बाजारातून मात्र आंबट डाळिंब जवळपास हद्दपार झालंय.

रंग बघू

मराठीत आणि त्याआधी संस्कृतात सुंदर दातांना डाळिंबाच्या दाण्यांची उपमा देतात. आता वाटीतला भगव्याचा दाणा बघा आणि ही उपमा लावून बघा. दात लालभडक! कुणाची स्तुती करायची ही पद्धत नव्हे. मग जुन्या डाळिंबांचा दाणा फिकट, पांढरट-गुलाबी होता का?

मोह होतो 'हो' म्हणायचा. पण थांबा. उपमा रंगावरून दिली असेल किंवा नीट ओळीत, दाटीनं बसलेल्या चकाकत्या दाण्यांच्या रचनेवरून दिली असेल. शिवाय मराठीत 'डाळिंबी' हा रंगही आहे, लुगड्याचा आणि पैठणीचा, आणि तो लालच. तो दाण्यावरून आला की फुलावरून? डाळिंबाचं फूलही लाल-केशरी असतं. म्हणजे एक शब्द एका बाजूला ओढतो, दुसरा शब्द दुसऱ्या बाजूला. आळंदीचा दाणा लाल होता, तर गुजरातेतल्या धोळका वाणाचा पांढरट. प्रामाणिक निष्कर्ष एवढाच निघतो की पूर्वी दाण्याचा एकच ठरलेला रंग नव्हता. परीक्षकांसमोर हे उत्तर 'पूर्वी पांढरं होतं' यापेक्षा कमी चमकदार वाटेल, पण टिकेल.

आजचा लाल कुठून आला? गणेशचा दाणा फिकट गुलाबी. बाजाराला लाल हवा होता. राहुरीच्या विद्यापीठानं गणेशचा संकर 'गुल-ए-शाह रेड' या परदेशी, रशियातून आलेल्या लाल वाणाशी केला. त्यातून १९९० च्या दशकात 'मृदुला' आलं आणि त्याच संकराच्या पुढच्या पिढीतून 'भगवा' निवडला गेला. नावांची रांग लावून बघा: आळंदी, जीबीजी-१, मृदुला, आरक्ता, भगवा. आधी गावाचं नाव, मग बागेचं, मग जिभेला मऊ, मग डोळ्याला लाल, आणि शेवटी सालीचा रंग, म्हणजे खोका उघडताच व्यापाऱ्याला जे दिसतं ते. वाणांची नावं कुणाला खूश करायचं होतं ते सांगून जातात.

महिना विचारू

तुम्ही हे डाळिंब कुठल्या महिन्यात आणलंत? दख्खनच्या हवेत डाळिंबाला वर्षभर फूल येऊ शकतं. पण सगळ्या वेळी थोडं थोडं फळ शेतकऱ्याला परवडत नाही. म्हणून तो बागेचं पाणी तोडतो, ज्याला 'ताण देणं' म्हणतात. पानं गळतात, झाड विश्रांती घेतं. मग छाटणी, खत आणि पाणी, आणि झाड एकदम फुलतं. हा 'बहार'. जानेवारी-फेब्रुवारीत धरला तर आंबे बहार, जून-जुलैत मृग, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये हस्त. मृगाचं फळ हिवाळ्यात येतं, हस्ताचं उन्हाळ्याच्या तोंडाशी, आंब्याचं पावसाळ्यात. वाटीतल्या फळावरून शेतकऱ्यानं पाणी कधी तोडलं होतं, हे तुम्ही मोजू शकता.

ताण द्यायचा तर जमीन पाणी सोडणारी हवी. भारी काळ्या रानात ओल टिकून राहते आणि ताण बसत नाही. मुरमाड, हलक्या रानात तो नेमका बसतो. आता इंदापूर तालुका डोळ्यांसमोर आणा, कारण या हलक्या रानाचा इतिहास इथे फार नीट नोंदलेला आहे. १८२० च्या दशकाच्या अखेरीस प्रिंगल या अधिकाऱ्यानं पुणे जिल्ह्यात जमिनीची पाहणी करून सारा ठरवला. त्याचा हिशेब निव्वळ उत्पन्नाच्या पुस्तकी सिद्धांतावर बांधलेला होता. शेतकऱ्यांना तो सारा झेपला नाही, इंदापुरात जमिनी ओस पडल्या. मग १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूरपासूनच नवी पद्धत सुरू केली: मातीचा रंग आणि खोली बघून प्रत लावायची, त्यावर सारा ठरवायचा आणि तो तीस वर्षं बदलायचा नाही. पुढे मुंबई इलाख्यातली जमीन याच धर्तीवर मोजली गेली. म्हणजे पश्चिम भारताच्या महसुलाची प्रयोगशाळा इंदापूर होती!

त्या प्रतवारीत खोल काळी माती वर आणि उथळ मुरमाड जमीन तळाला. ज्वारीच्या हिशेबानं ते बरोबरच होतं. पुढे १८८५ च्या सुमारास नीरा डाव्या कालव्याचं पाणी बारामती-इंदापूरकडे आलं आणि तालुक्याचे दोन भाग पडले: पाटाखालचा बागायत आणि वरचा जिरायत. पाटाखाली ऊस आला, साखर कारखाने आले. १९८० च्या सुमारास पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या फुगवट्यानं इंदापूरला भीमेच्या बाजूनंही पाणी दाखवलं. जिरायत पट्ट्याचे हाल मात्र चालूच होते. १९९० मध्ये राज्य सरकारनं रोजगार हमी योजनेला फळबाग लागवड जोडली आणि ठिबकच्या नळ्या आल्या. दीडशे वर्षांपूर्वी कागदावर तळाला ठेवलेली जमीन डाळिंबाला मानवली. जमीन तीच राहिली, तिची किंमत करणारा प्रश्न बदलला.

२००९ साली बारामतीजवळ माळेगाव खुर्द इथे केंद्र सरकारची राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था उभी राहिली. दुष्काळ, उष्णता, खडकाळ जमीन यांचा पिकावर पडणारा ताण हा तिचा विषय. शेतकरी 'ताण' हा शब्द बहारासाठी कधीपासूनच वापरत होता. एका शब्दाचे हे दोन प्रवास कुठे भेटतात, हाही एखाद्या प्रबंधाचा विषय होऊ शकतो.

सालीवरचा डाग

साल फेकण्याआधी एकदा उलटीपालटी करून बघा. तेलकट, काळपट डाग आणि त्यातून फाकलेली चीर दिसली तर तो 'तेल्या'. झँथोमोनास नावाच्या जिवाणूमुळे होणारा रोग. भारतात त्याची नोंद १९५२ मध्ये दिल्लीहून झाली. महाराष्ट्रात २००० नंतरच्या दशकात त्यानं बागाच्या बागा बसवल्या. खाताना चीर गेलेलं फळ टाळा, एवढं आपल्यापुरतं. शेतकऱ्यापुरतं हे प्रकरण फार मोठं आहे.

डाळिंबाची लागवड बहुधा गुटी कलमानं होते. म्हणजे फांदीला मुळं फोडायची आणि तीच फांदी नवं झाड म्हणून लावायची. फळ हुबेहूब मिळतं, ग्राहक खूश. पण मग शेजारच्या शेतातलं झाड, पुढच्या गावातलं झाड, सांगोल्यातलं झाड, सगळी एकाच झाडाची रूपं. एकाला जे बाधतं ते सगळ्यांना बाधतं, आणि रोगट बागेतून कलम नेलं की रोगही कलमाबरोबर जातो. २००५ साली सोलापूरला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सुरू झालं, त्याच्या कामाचा मोठा भाग या रोगाशी झगडण्यात गेला. पावसात तेल्या वाढतो, म्हणून बाधित भागात हस्त बहाराचा सल्ला देतात. म्हणजे तुमच्या घरी डाळिंब कुठल्या महिन्यात येतं, यावर आता एका जिवाणूचाही हक्क आहे. अलीकडे मर रोग आणि खोडाला भोकं पाडणारा भुंगेरा यांनी सांगोल्यासारख्या डाळिंबाच्या माहेरघरात उभ्या बागा उपटायला लावल्या.

वाटीतला प्रत्येक दाणा सारखा गोड, सारखा लाल, सारखा मऊ असावा ही आपली इच्छा. ती इच्छा पुरी करताना झाडंही सारखी झाली. आळंदीची टणक बी आणि आंबट फळ चव म्हणून कुणाला नको असेलही, पण त्यांच्यासोबत जे वैविध्य गेलं ते रोगाच्या वेळी हवं होतं. यात चीमांना किंवा राहुरीला दोष द्यायचा नाही. त्यांच्या निवडीनं जिरायत भागातल्या हजारो घरांत पैसा आला. इतिहासकाराचं काम दोन्ही रकाने भरायचं आहे, मिळालं तो आणि गेलं तोही.

वाटी रिकामी करण्याआधी

आता खा! नुसते दाणे, वर किंचित मीठ आणि जिरेपूड. दहीभातात घाला, काकडीच्या कोशिंबिरीत घाला, पोह्यांवर पेरा. दह्यात घालायचे तर अगदी वाढताना घाला, नाहीतर पाणी सुटतं आणि सगळं गुलाबी होतं. उरले तर झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन-तीन दिवसांत संपवा. न सोललेलं फळ थंडाव्यात बरेच आठवडे टिकतं.

आणि खाताना हा अभ्यास करा. कागदावर पाच रकाने आखा: साल, बी, रंग, महिना, डाग. प्रत्येकासमोर एक प्रश्न लिहा आणि त्याचं उत्तर कुणाकडे असेल ते लिहा. सालीसाठी इंदापूरच्या बाजारातला आडत्या, बीसाठी गणेशखिंड आणि राहुरीची कागदपत्रं, रंगासाठी शब्दकोश आणि जुनी लुगडी, महिन्यासाठी शेतकरी आणि पाटबंधारे खातं, डागासाठी सोलापूरचं केंद्र. पाचांपैकी ज्या प्रश्नासाठी तुम्ही उद्या सकाळी खरंच एसटी पकडाल, तो तुमचा विषय. बाकीचे चार वहीत राहू द्या. दुसऱ्या कुणाला तरी लागतील.